दोन शेपट्यांचा सिंह

चेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकी संघाने पहिलं ऑलिंपिक पदक १९२० साली अँटवर्पमध्ये मिळवलं, ते अवघ्या तीन सामन्यांत. कॅनडाकडून ०-१५ अशी हार, अमेरिकेकडून ०-१६ अशी हार, आणि स्वीडनवर १-० असा विजय. केलेला गोल एक, अंगावर बसलेले एकतीस, आणि गळ्यात ब्राँझपदक. आकडे वाचून कुणालाही वाटेल की छापताना काहीतरी चुकलंय. चुकलेलं काही नाही. त्या स्पर्धेत बर्गवाल पद्धत होती. आधी सुवर्णपदकासाठी बाद फेरी. मग सुवर्णविजेत्याकडून हरलेल्या संघांची रौप्यपदकासाठी वेगळी बाद फेरी. त्यानंतर सुवर्ण किंवा रौप्य विजेत्याकडून हरलेल्यांची ब्राँझसाठी तिसरी फेरी. पुढची वाट कशी असेल, हे तुम्ही कुणाकडून हरलात यावर ठरायचं. कॅनडा आणि अमेरिका या दोघांकडून हरलेला संघ म्हणून चेकोस्लोव्हाकिया ब्राँझच्या लढतीत आला आणि तिथे योसेफ श्रोउबेकने केलेला गोल शेवटपर्यंत राखला.

त्या काळी एका बाजूला सात खेळाडू असत, बदली खेळाडू नसे, आणि वीस-वीस मिनिटांचे दोन भाग खेळले जात. आजच्या खेळात सहा जण बर्फावर असतात आणि पाऊणएक मिनिट खेळून बाहेर येतात. तेव्हा पूर्ण चाळीस मिनिटं त्याच पायांवर काढायची होती. एका गोलाच्या आघाडीवर सामना काढणं म्हणजे काय, हे हा फरक लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

मला या संघाबद्दल जे सांगायचंय ते याच पदकापासून सुरू होतं. हा संघ सहा वेळा जगज्जेता झाला: १९४७, १९४९, १९७२, १९७६, १९७७ आणि १९८५. ऑलिंपिकमध्ये चार रौप्य, चार ब्राँझ आणि सुवर्ण एकदाही नाही. पण नुसत्या गुणतक्त्यावरून या संघाचा इतिहास वाचता येत नाही. त्याच्या चांगल्या पिढ्या वय होऊन संपल्या नाहीत. विमानात, तुरुंगात आणि सरहद्दीपलीकडे गेल्या. आणि दर वेळी संघ पुन्हा उभा राहिला तो एखाद्या अवलिया खेळाडूमुळे नाही, तर शिकवण्याची परंपरा पक्की होती म्हणून.

ही परंपरा देशाहूनही जुनी. १९०९ मध्ये बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक भूमीचा, संघ फ्रान्समधल्या शामोनीला स्पर्धेसाठी गेला, तेव्हा त्या खेळाडूंना सवय होती ती चेंडूने खेळायच्या बर्फावरच्या हॉकीची. चपटा रबरी पक त्यांच्या सरावाचा नव्हता. सगळे सामने हरले. आलेल्या संघांचा खेळ बघून घेतला, घरी जाऊन सराव केला आणि १९११ मध्ये बर्लिनला युरोपचे विजेते झाले. १९१२ ला प्रागमध्ये पुन्हा जिंकले, पण ऑस्ट्रिया आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य नव्हता हे कारण देऊन ती स्पर्धाच रद्द ठरवली गेली. १९१४ ला परत विजेते. हे सगळं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात राहून. छातीवर होता बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह. पुढे देश झाला तेव्हाही तोच सिंह जर्सीवर राहिला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळाचा नायक योसेफ मालेचेक. देखणं स्केटिंग, पकवर हुकमत, आणि बराचसा खेळ एकट्याच्या भरवशावर. १९३२ च्या सुमारास प्रागच्या श्त्वानित्से बेटावर कृत्रिम बर्फाचं स्टेडियम उभं राहिलं आणि हिवाळ्याच्या लहरीवरचं अवलंबित्व संपलं. नैसर्गिक बर्फावर मध्य युरोपात खात्रीने खेळता येतं ते काही आठवडेच. मध्येच ऊन पडलं की पृष्ठभाग मऊ होतो, पक अडकतो, लांब पास जात नाहीत आणि खेळाडूला पक स्टिकला चिकटवूनच पुढे न्यावा लागतो. जमिनीखालच्या नळ्यांतून थंडावा देऊन गोठवलेला बर्फ टणक राहतो आणि टणक बर्फावर पास सरळ जातो. चेकोस्लोव्हाक हॉकी पुढे ज्या आखूड, झटपट पासांसाठी ओळखली गेली, त्याची पूर्वअट हा बर्फ होता.

पास द्यायला शिकवणारा माणूस मात्र कॅनडातून आला. माइक बकना हा ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रेल या धातू गाळण्याच्या कारखान्याच्या गावचा तरुण. आईवडिलांचं मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीतलं. १९३५ मध्ये तो प्रागला आला आणि एल.टी.सी. प्राग या क्लबाशी जोडला गेला. हा क्लब नावाने लॉन टेनिसचा, पण देशातली सर्वांत तगडी हॉकी तिथेच खेळली जायची. बकनाने तीन आघाडीपटूंची फळी एकत्र खेळवायला आणि एकत्रच बदलायला शिकवलं. बचावपटूने पक नुसता भिरकावून द्यायचा नाही, तर पहिल्या पासनेच हल्ला सुरू करायचा, हेही त्याचंच. युद्धानंतर तो परत आला आणि १९४७ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत संघ पहिल्यांदा जगज्जेता झाला. त्या वर्षी कॅनडा आला नव्हता, आणि स्वीडनने चेकोस्लोव्हाकियाला २-१ ने हरवलं होतं. पण स्वीडन ऑस्ट्रियाकडून तशाच फरकाने हरला आणि करंडक प्रागमध्ये राहिला.

त्या संघात यारोस्लाव द्रोब्नी होता. टेनिसप्रेमींना हे नाव ठाऊक असेल, कारण हाच द्रोब्नी १९५४ चा विम्बल्डन विजेता. १९४९ मध्ये तो देश सोडून गेला आणि विम्बल्डन जिंकला तेव्हा त्याच्या नावापुढे इजिप्त लिहिलेलं होतं. काळ्या काचांचा चष्मा घालून खेळायचा, त्यामागे हॉकीत डोळ्याला झालेली जुनी इजा होती.

१९४८ चं सेंट मॉरिट्झ ऑलिंपिक उघड्या मैदानातल्या बर्फावर झालं. कॅनडाशी सामना ०-० असा सुटला. दोन्ही संघांचे सात विजय आणि एक बरोबरी. मग मोजले गेले गोल. चेकोस्लोव्हाकियाने ८० केले होते आणि १८ खाल्ले होते. कॅनडाने ६९ केले होते आणि फक्त ५ खाल्ले होते. नियम सरासरीचा होता, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. एकाचा भागाकार साडेचारच्या आत, दुसऱ्याचा तेराच्या वर. न हरता रौप्यपदक. भागाकाराचा नियम बचावाला झुकतं माप देतो: अकरा गोल जास्त करूनही भागाकार एक तृतीयांशाहून कमी राहिला. पुढच्या चाळीस वर्षांत या संघाने बचावावर आणि गोलकीपरवर जो भर दिला, त्याची मुळं मला या तक्त्यात दिसतात.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी एल.टी.सी. प्राग मॉस्कोला गेला. सोव्हिएत खेळाडू तोवर चेंडूची हॉकी खेळत. पकचा खेळ त्यांच्यासाठी नवा होता. पाहुण्यांचे सराव त्यांनी बारकाईने पाहिले, प्रश्न विचारले, नोंदी घेतल्या. झालेल्या तीन सामन्यांत दोन्ही बाजूंनी एकेक जिंकला आणि एक बरोबरीत सुटला. सहा वर्षांनी, १९५४ मध्ये, सोव्हिएत संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकूनच गेला. पुढे ज्या संघाने चेकोस्लोव्हाकियाची वाट सर्वाधिक वेळा अडवली, त्याचे पहिले धडे प्रागच्याच खेळाडूंनी दिले होते.

मग आला नोव्हेंबर १९४८. संघ पॅरिसहून लंडनला निघाला होता. सगळ्यांना एका विमानात जागा मिळाली नाही. ८ नोव्हेंबरला सहा खेळाडू एका छोट्या विमानाने निघाले आणि इंग्लिश खाडीवर ते विमान बेपत्ता झालं. लादिस्लाव त्रोयाक, कारेल स्तिबोर, झ्देन्येक यार्कोव्स्की, विलिबाल्ड श्त्योविक, मिलोस्लाव पोकोर्नी, झ्देन्येक श्वार्त्स. कुणाचाच देह सापडला नाही. त्रोयाक हा कोशित्सेचा स्लोव्हाक, जगज्जेतेपद मिळवणारा पहिला स्लोव्हाक खेळाडू. कोशित्सेतलं स्टेडियम आजही त्याचं नाव सांगतं.

इतकं गमावलेल्या संघाने तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, स्टॉकहोमला कॅनडाला ३-२ असं हरवलं आणि पुन्हा जगज्जेतेपद घेतलं. माझ्या मते या संघाच्या सहा सुवर्णपदकांत सर्वांत मोठं हे. १९४७ ला कॅनडा नव्हता, इथे तो समोर होता, आणि एका फळीहून जास्त माणसं समुद्रात गेलेली होती.

आणि हा संघ पुढच्या वर्षी स्वतःच्याच सरकारने मोडला. १९५० ची जागतिक स्पर्धा लंडनला होती. ११ मार्चला खेळाडू सामान घेऊन प्रागच्या विमानतळावर आले तेव्हा त्यांना थांबवलं गेलं. कारण सांगितलं ते असं, की रेडिओच्या वार्ताहरांना ब्रिटनने व्हिसा दिला नाही, म्हणून संघानेही जायचं नाही. खरं कारण भीतीचं होतं. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट सत्तेवर आले होते. त्याच वर्षअखेरीस स्वित्झर्लंडमधल्या दावोसला होणाऱ्या स्पेंगलर चषक स्पर्धेच्या वेळी खेळाडूंमध्ये परत जायचं की नाही यावर चर्चा झाली होती, बहुतेकांनी परतायचं ठरवलं होतं आणि काही जण मागे राहिले होते. लंडनहून सगळा संघच परतला नाही तर, ही धास्ती सरकारला होती.

१३ मार्चच्या संध्याकाळी खेळाडू प्रागमधल्या ‘उ हेर्त्स्लिकू’ या दारूच्या गुत्त्यात जमले. प्यायले, चिडले, सरकारला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. गुप्त पोलिस तिथे आधीच बसलेले होते. धक्काबुक्की झाली आणि खेळाडूंना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये बंद दाराआड खटला चालला. आरोप देशद्रोहाचा आणि हेरगिरीचा. बारा जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी गोलकीपर बोहुमिल मोद्रीला, पंधरा वर्षं. ऑगस्टिन बुबनिकला चौदा, स्तानिस्लाव कोनोपासेकला बारा, वाच्लाव रोझिन्याक आणि व्लादिमीर कोब्रानोव्ह यांना दहा-दहा.

मोद्रीची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. शिक्षणाने इंजिनिअर, त्या वेळी युरोपातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एक. कॅनडा-अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायची त्याची इच्छा होती आणि ती त्याने लपवली नव्हती. परवानगी रीतसर मागितली होती. लंडनला जाणाऱ्या संघात तर तो नव्हताच. तरीही कटाचा सूत्रधार म्हणून त्यालाच पुढे केलं गेलं. याखिमोवच्या छावण्यांत कैद्यांकडून युरेनियमचं काम करून घेतलं जाई आणि ते युरेनियम सोव्हिएत युनियनला जात असे. मोद्री तिथे राहिला. १९५५ मध्ये कैद्यांना माफी मिळाली आणि तो सुटला, पण शरीर खचलं होतं. १९६३ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी गेला. न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं १९६८ मध्ये. ते ऐकायला मोद्री उरला नव्हता.

बुबनिक वाचला. त्याने पुढे प्रशिक्षण हाती घेतलं आणि १९६६ ते १९६९ फिनलंडच्या राष्ट्रीय संघाला शिकवलं. १९६७ च्या व्हिएन्ना जागतिक स्पर्धेत त्याच्या फिनलंडने चेकोस्लोव्हाकियाला पहिल्यांदा हरवलं. ज्याला स्वतःच्या देशाने चौदा वर्षं ठोठावली, त्याच्याकडून फिनलंडची आधुनिक हॉकी घडली. शिकवण्याची परंपरा म्हणतो ती ही. ती सरहद्द ओलांडूनही गेली.

पन्नाशीचं दशक मी भरभर ओलांडतो, कारण ते पोकळी भरण्याचं दशक होतं. १९५० आणि १९५१ ला संघ जागतिक स्पर्धेला गेलाच नाही. १९५३ ला गेला, पण राष्ट्राध्यक्ष गोटवाल्ड वारले म्हणून स्पर्धा अर्ध्यावर सोडून परत आला. घरी मात्र पाया घातला जात होता. क्लब कारखान्यांना जोडलेले होते: क्लाद्नोचा पोल्दी पोलाद कारखान्याशी, बर्नोचा झेड.के.एल. बॉलबेअरिंगशी, प्ल्झेनचा श्कोडाशी, पार्दुबित्सेचा टेस्ला या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याशी. खेळाडू कागदोपत्री कामगार, म्हणून हौशी, म्हणून ऑलिंपिकला पात्र. सक्तीच्या लष्करी सेवेतले तरुण दुक्ला यिहलावा या सैन्याच्या क्लबात जात. देशभरातल्या उमद्या पोरांना दोन वर्षं एकाच प्रशिक्षकाखाली एकत्र ठेवणारी ही यंत्रणा होती आणि राष्ट्रीय संघाला जुळलेल्या फळ्या तयार मिळत. १९६१ मध्ये फळ दिसू लागलं. सोव्हिएत संघाला ६-४ हरवलं, कॅनडाशी १-१ बरोबरी केली, आणि पुन्हा गोलांच्या हिशेबाने दुसरे. पहिला आलेला कॅनडाचा संघ होता ट्रेल स्मोक ईटर्स, बकनाच्या गावचा.

आता १९६९. आधीच्या ऑगस्टमध्ये, २१ तारखेला, सोव्हिएत युनियनच्या पुढाकाराने वॉर्सा कराराच्या फौजा रणगाडे घेऊन देशात शिरल्या होत्या. जागतिक स्पर्धा प्रागला व्हायची होती. त्या परिस्थितीत ती स्टॉकहोमला गेली. पहिल्यांदाच सहा संघ आणि प्रत्येकाशी दोनदा सामना, अशी रचना होती. म्हणजे सोव्हिएत संघाशी दोन वेळा गाठ पडणार हे आधीपासून ठरलेलं.

प्रशिक्षक दोघे. यारोस्लाव पिट्नर हा दुक्ला यिहलावाचा, शिस्तीचा माणूस. व्लादिमीर कोस्तका अभ्यासक, सराव आणि डावपेच लिहून, मोजून, रेखाटून ठेवणारा. सोव्हिएत खेळ पाच जणांच्या सततच्या पासांवर चाले. पकच्या मागे धावणारा बचावपटू जागा सोडतो आणि त्या रिकाम्या जागेत पुढचा पास येतो. यावरचा उतारा पकच्या मागे न धावण्यात होता. एक आघाडीपटू पुढे जाऊन पकवाल्याला एका कडेला वळवायचा आणि बाकीचे चौघे मैदानाचे तीन भाग करणाऱ्या दोन निळ्या रेषांमधल्या पट्ट्यात उभे राहून पासच्या वाटा बंद करायचे. पास अडला की तिथूनच दोन-तीन आखूड पासांत उलटा हल्ला. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विरोधी संघाच्या टोकाला जाऊन अंगाने धडक द्यायला परवानगी नव्हती. ती १९६९ नंतर आली. त्यामुळे पुढे जाऊन दाब टाकण्याचा फायदा मुळातच कमी होता आणि मधला पट्टा हीच खरी रणभूमी होती. या पद्धतीत बिघाड होतो तो एका चुकीने: चौघांतला एक जण मोहाने पुढे धावला, की मागे सरळ वाट मोकळी होते. राग अनावर असलेल्या खेळाडूंनी साठ मिनिटं तो मोह आवरला, याचं मला अधिक कौतुक वाटतं.

२१ मार्चला २-० असा विजय. गोल यान सुखी आणि योसेफ चेर्नी यांचे, गोलजाळ्यात व्लादिमीर झुरिला. सामन्यानंतर खेळाडूंनी सोव्हिएत खेळाडूंशी हात मिळवले नाहीत. जर्सीवरचा सिंह इथे नीट पाहायला हवा. १९६० मध्ये राज्यचिन्ह बदललं होतं. सिंहाच्या डोक्यावरचा मुकुट काढून तिथे लाल तारा बसवला होता. काही खेळाडूंनी बर्फावर उतरण्याआधी त्या ताऱ्यावर चिकटपट्टी लावली. स्टिकच्या पात्याला गुंडाळायची पट्टी प्रत्येक हॉकीपटूच्या हाताशी असतेच, त्यातलाच एक तुकडा. प्रेक्षकांच्या फलकांवर यमक जुळवलेलं होतं: तुम्ही आम्हाला रणगाडे, आम्ही तुम्हाला गोल.

२८ मार्चला पुन्हा विजय, ४-३. त्या रात्री देशभरात लाखो लोक रस्त्यावर आले. प्रागच्या वेन्सेस्लास चौकात सोव्हिएत विमानकंपनी एरोफ्लोटचं कार्यालय फोडलं गेलं. दगड तिथे आधीच आणून टाकलेले होते आणि त्यामागे गुप्त पोलिसांचा हात होता, असं अनेक इतिहासकार मानतात. मॉस्कोला हवं ते निमित्त मिळालं. १७ एप्रिलला कम्युनिस्ट पक्षाच्या प्रमुखपदावरून सुधारणावादी अलेक्झांडर दुबचेक गेले आणि गुस्ताव हुसाक आले. हॉकीच्या विजयाने दुबचेकना घालवलं असं म्हणणं मला पटत नाही. त्यांचं जाणं ठरलेलंच होतं, तारीख तेवढी त्या रात्रीने जवळ आणली.

आणि स्पर्धा? शेवटच्या सामन्यात स्वीडनकडून ०-१. सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया तिघांचे सोळा-सोळा गुण. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवलेलं, स्वीडनने चेकोस्लोव्हाकियाला दोनदा, सोव्हिएत संघाने स्वीडनला दोनदा. गोलफरकाने सोव्हिएत पहिले, चेकोस्लोव्हाकिया तिसरा. पुन्हा ब्राँझ.

पुढची दहा वर्षं या संघाची सुगी. १९७२ मध्ये प्रागला सोव्हिएत संघाला ३-२ हरवून जगज्जेतेपद, तेही सोव्हिएतांच्या सलग नऊ विजेतेपदांनंतर. १९७६ ला कातोवित्से आणि १९७७ ला व्हिएन्ना, दोन्हीकडे प्रशिक्षक कारेल गुट आणि यान स्तार्शी. गोलजाळ्यात बहुतेक वेळा यिरी होलेचेक, जो पाच जागतिक स्पर्धांत सर्वोत्तम गोलकीपर ठरला. मध्ये १९७६ चं इन्सब्रुक ऑलिंपिक. संघात फ्लूची साथ पसरली, कर्णधार फ्रांतिशेक पोस्पिशिलला दिलेल्या औषधात कोडीन निघालं, आणि पोलंडविरुद्ध ७-१ ने जिंकलेला सामना हार म्हणून नोंदला गेला. तरी शेवटच्या दिवशी सुवर्ण हाताशी होतं. सोव्हिएत संघाकडून ३-४ असे हरले. ऑलिंपिक सुवर्णाच्या याहून जवळ हा संघ पुन्हा गेला असं मला वाटत नाही.

त्याच सप्टेंबरात पहिला कॅनडा कप झाला, व्यावसायिक खेळाडूंनाही खुली असलेली राष्ट्रीय संघांची स्पर्धा. साखळीत झुरिलाने कॅनडाच्या साऱ्या व्यावसायिक ताऱ्यांना एकही गोल करू दिला नाही आणि मिलान नोवीच्या गोलवर सामना १-० असा निघाला. हा झुरिला पेशाने रेफ्रिजरेटर दुरुस्त करणारा. त्याची शैली गोलजाळ्यातून बरंच पुढे येण्याची होती. गोलची चौकट १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असते. गोलकीपर रेषेवर उभा राहिला तर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा उघडी दिसते. तो दोन-तीन मीटर पुढे आला की फटका मारणाऱ्याच्या नजरेतून चौकट त्याच्या अंगामागे झाकली जाते. धोका एकच: समोरच्याने फटका मारलाच नाही तर. १५ सप्टेंबरला माँट्रियलला अंतिम फेरीचा दुसरा सामना ४-४ वर जादा वेळेत गेला. कॅनडाचे सहायक प्रशिक्षक डॉन चेरी यांनी झुरिलाची ही सवय हेरली होती आणि खेळाडूंना सांगितलं होतं: मारायचं नाटक करा, थांबा, बाजूने जा. डॅरिल सिटलर डाव्या कडेने आला, स्टिक उचलली, झुरिला पुढे आला, सिटलरने पक एक पाऊल पुढे ढकलला आणि उघड्या चौकटीत सारला. अख्खी स्पर्धा तोलून धरणारी शैली आणि तिच्यातली एकमेव फट, दोन्ही त्या एका क्षणात दिसतात. चुकीचा निर्णय म्हणून मी ते कधीच मोजणार नाही. सिटलरने खरोखर फटका मारला असता तर तो झुरिलाच्या छातीवरच बसला असता.

१९७८ ला प्रागमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर गणित सोपं होतं. साखळीत सोव्हिएत संघाला ६-४ हरवलेलं, त्यामुळे शेवटच्या सामन्यात एका गोलाने हरलं तरी विजेतेपद राहणार होतं. सामना १-३ असा गेला. एका गोलाने हरलं तरी चालेल अशा सामन्यात उतरलेला संघ आपला नेहमीचा खेळ सोडून राखण करत बसतो, आणि राखण करत बसलेल्या संघावर सोव्हिएत पासांचा मारा थांबत नसे. हाच संघ १९६९ ला मधल्या पट्ट्यात वाट अडवून उभा होता. इथे तो स्वतःच्या गोलसमोर गोळा झाला.

यानंतर लागली गळती. तिची सुरुवात आधीच झाली होती. १९७४ मध्ये वाच्लाव नेदोमान्स्की कुटुंबासह निघून गेला आणि टोरोंटोच्या व्यावसायिक संघाकडून खेळू लागला. १९८० च्या ऑगस्टमध्ये स्लोव्हान ब्रातिस्लावा इन्सब्रुकला खेळत असताना पीटर आणि अँटन श्त्यास्तनी हे भाऊ तिथूनच क्वेबेकच्या व्यावसायिक संघाकडे गेले. थोरला मारियन मागे राहिला. त्याच्यावर खेळण्याची बंदी आली आणि वर्षभराने तोही निसटला. पीटरने पहिल्याच मोसमात गोल आणि गोलसाठीचे पास मिळून १०९ गुण मिळवले आणि नवोदितांसाठीची काल्डर ट्रॉफी घेतली. गळती थांबवण्यासाठी सरकारने एक वाट उघडली. देशासाठी पुरेसं खेळून झालेल्या, साधारण तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना रीतसर परदेशी जाऊ द्यायचं. १९८१ मध्ये इवान ह्लिंका आणि यिरी बुब्ला असेच व्हँकूव्हरला गेले. तरुणांसाठी ही वाट नव्हती, त्यामुळे तरुण पळतच राहिले.

तरीही १९८५. प्रशिक्षक लुद्येक बुकाच, गोलजाळ्यात यिरी क्रालिक, आघाडीला व्लादिमीर रुझिच्का, यिरी लाला, आणि स्लोव्हाकियाचे दारियुस रुस्नाक, इगोर लिबा, विन्सेंट लुकाच, दुशान पाशेक. प्राथमिक फेरीत सोव्हिएत संघाने ५-१ असं चिरडलं होतं. पदकांच्या फेरीत तोच संघ २-१ ने हरला, आणि शेवटच्या दिवशी कॅनडावर ५-३ असा विजय, त्यात यिरी शेयबाचे तीन गोल. हे शेवटचं सुवर्ण. त्याच उन्हाळ्यात पेत्र क्लिमा पश्चिम जर्मनीतल्या सराव शिबिरातून डेट्रॉइटला गेला.

१९८९ नंतर सरहद्दी उघडल्या आणि पळून जायची गरजच उरली नाही. शेवटची पदकं १९९२ ची: आल्बेरव्हीलच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणि घरच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. ३१ डिसेंबर १९९२ ला देश संपला, पण हॉकी चालू होती. स्वीडनमधल्या येव्लेला ज्युनिअर जागतिक स्पर्धा २६ डिसेंबरला सुरू झाली होती. पोरं चेकोस्लोव्हाकिया म्हणून बर्फावर उतरली आणि नवीन वर्षात, देश दोन झाल्यावरही, एकत्रच खेळत राहिली. पदक मिळालं ब्राँझचं.

वाटणीत आंतरराष्ट्रीय महासंघाने चेकोस्लोव्हाकियाची अव्वल गटातली जागा आणि सगळा जुना हिशेब चेक प्रजासत्ताकाला दिला. स्लोव्हाकियाला सुरुवात करायला लावली ती क गटातून, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून. झुरिला, त्रोयाक, श्त्यास्तनी ज्या भूमीतून आले, तिला जणू हॉकीचा इतिहासच नव्हता. हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो. गटात जागा एकच होती हे मान्य, पण पदकांची नोंद दोघांच्या नावावर करायला कुणाचीच हरकत असायचं कारण नव्हतं. १९९४ मध्ये त्यातून विचित्र अवस्था झाली. फेब्रुवारीत लिलेहॅमरच्या ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाचा ध्वज पीटर श्त्यास्तनीने वाहिला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघ सहावा आला. त्यानंतर तोच देश पोप्राद आणि स्पिश्स्का नोवा वेस इथे क गटाचे सामने खेळला. तो गट जिंकला, पुढच्या वर्षी ब गट जिंकला, १९९६ ला अव्वल गटात आला. २००२ मध्ये गोथेनबर्गला शेवटच्या दोन मिनिटांत पीटर बोन्द्राने गोल केला, रशियाला ४-३ असं हरवलं आणि स्लोव्हाकिया जगज्जेता झाला. त्या संघाचा व्यवस्थापक पीटर श्त्यास्तनी होता. १९७६ आणि १९७७ चं सुवर्ण त्याच्याकडे आधीच होतं, पण ते अधिकृत नोंदीत स्लोव्हाकियाच्या खात्यावर आजही नाही.